तिथे माइक नव्हता

तो दुकानदाराशी भांडत होता, पण इतक्या हळू आवाजात की दुकानदाराला सारखं "काय म्हणालात?" असं विचारावं लागत होतं. हळू आवाजातली भांडणं लवकर संपत नाहीत. तिला फक्त दोन केबल घेऊन परत जायचं होतं, आणि रांगेत नेमका हा पुढे उभा.

"आवाज येत नाही असं नाही," तो म्हणत होता. "येतो... पण आजारी असल्यासारखा येतो."

"विकलेला माल परत घेत नाही," दुकानदार पाटीकडे बोट दाखवून म्हणाला.

काउंटरवर एक छोटी लोखंडी पेटी होती. तिने मान लांब करून पाहिली आणि तिला राहवलं नाही.

"गिटार कुठे लावली होती तुम्ही?"

"यातच. आणि इथून पुढे रेकॉर्डिंगला."

"मग येणारच आजारी. ही उलट कामाची पेटी आहे. तुम्हाला डीआय बॉक्स हवा होता. तो गिटारचा आवाज मशिनला चालेल असा करून आत पाठवतो. हा रीॲम्प बॉक्स. मशिनमध्ये भरलेला आवाज परत गिटारच्या ॲम्पला चालेल असा करून हा बाहेर काढतो. तुम्ही बाहेर पडायच्या दारातून आत घुसत होतात."

"मी यांना तेच सांगत होतो," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही हे अजिबात सांगत नव्हतात," दोघं एकदमच म्हणाले, आणि मग दोघांनीही एकमेकांकडे नीट पाहिलं. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तारा कापायची पक्कड होती. तिने नजर केबलकडे वळवली.

"म्हणजे ही फेकून देऊ?" त्याने विचारलं.

"फेकू नका. दोन्ही लागतात. माझा स्टुडिओ आहे, तिथे..." ती बोलून गेली. पुढे कित्येक आठवडे तिला वाटत राहिलं की त्या दिवशी आपण केबल घेऊन गप्प घरी गेलो असतो तर किती डोकेदुखी वाचली असती.

तिचा स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या. एकीत ती आणि तिची मशिनं, दुसरीत वाजवणारा, मध्ये जाड काच. तिचे वडील सुतार होते. भिंतींना त्यांनी चौकटी ठोकून दिल्या होत्या आणि त्यांत जुन्या गाद्यांचा कापूस भरला होता. एवढं करूनही वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर तक्रार करायला खाली यायचेच.

"त्यांचं म्हणणं, खाली गिटार वाजली की त्यांचा हात हलतो," तिने त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. "आणि हात कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे."

"पेशंटच्या तोंडात."

"म्हणून इथे ॲम्प लावायचा नाही."

त्याचा ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या वॉल्व्हचा जुना खोका होता. उचलायला दोन माणसं लागत आणि जोरात लावल्याशिवाय तो बरा वाजत नसे. तिने त्याला बेत समजावला. गिटार डीआय बॉक्समधून सरळ मशिनला जोडायची. खोलीत ॲम्प नाही, माइक नाही, फक्त तारांचा कोरडा आवाज भरून घ्यायचा. मग एका सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या कारखान्यात ॲम्प न्यायचा, तिथे आजूबाजूला कुणी नाही. भरलेला आवाज रीॲम्प बॉक्समधून ॲम्पमध्ये सोडायचा, ॲम्पपुढे माइक लावायचा आणि हवा तो आवाज परत रेकॉर्ड करायचा.

"म्हणजे वाजवायचं आत्ता, आणि आवाज कसा हवा ते नंतर ठरवायचं?"

"हो."

"हे बरं आहे," तो म्हणाला. "नंतर ठरवायचं." हे म्हणताना त्याला इतकं समाधान झालेलं दिसलं, की तिने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"एक आधीच सांगते. पुढच्या महिन्यात मी इथून जातेय. एका मोठ्या स्टुडिओत काम मिळालंय, लांबच्या शहरात. चार वर्षं मागे लागले होते त्यांच्या."

"अरे वा," तो म्हणाला. जरा थांबून, "छानच झालं... म्हणजे आपल्याला घाई आहे."

"चार धुना आहेत तुमच्या. आरामात होतील."

"होतील ना," तो म्हणाला.

झाल्या नाहीत. पहिल्या दिवशी तिने साधा डीआय बॉक्स लावला. त्याला बॅटरी लागत नाही, आत नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज थोडा गोल येतो.

"गोल आहे," त्याने ऐकून कबूल केलं. "पण... जास्तच गोल नाही ना?"

दुसऱ्या दिवशी तिने बॅटरीवर चालणारा लावला. त्यात वरचे स्वर स्वच्छ येतात. तो डोळे मिटून ऐकत राहिला. डोळे मिटल्यावर तो बरा दिसायचा, आणि हे तिच्या लक्षात आलं याचाच तिला राग आला.

"टोचतो जरा," तो म्हणाला.

तिसरा तिने मैत्रिणीकडून मागून आणला. तो महागाचा होता, आणि तो आणताना मैत्रिणीच्या दहा सूचना ऐकून घ्याव्या लागल्या. मधलं दार उघडं ठेवून त्याने दोन स्वर वाजवले आणि मान तिरकी केली.

"काहीतरी घुमतंय."

"बाजूला बटण आहे. ते दाब ना, अरे... अहो."

"अरे चालेल," तो म्हणाला.

त्याने बटण दाबलं. घुमणं बंद झालं. ती काचेतून वाट बघत राहिली.

"आता?"

"आता फारच शांत वाटतंय," तो म्हणाला.

तिने कपाळावरची बट फुंकरीने वर उडवली. ती चिडली की असं करायची, आणि आपण असं करतो हे तिला माहीत नव्हतं.

तो गिटार शिकवायचा, दोन शाळांमध्ये आणि काही घरी जाऊन. चार वाजता मोकळा व्हायचा आणि सव्वाचारला दारात हजर. कधी येताना तिच्यासाठी चहा आणायचा, तो तिला हवा तसा कडक असायचा, आणि कसा हवा हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तीन धुना कशाबशा पार पडल्या. चौथीला मात्र रोज नवी अडचण. पहिली पेटी परत लाव, नको, दुसरीच, पण तिसरीत काहीतरी होतं...

शेवटी एक दिवस तिने त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं.

"आज ठरवायचं. एकच तुकडा तीन पेट्यांमधून ऐकवते. कुठली कधी ते सांगणार नाही. कान उघडे ठेव आणि निवड."

तिने तीनदा वाजवलं. त्याने तीनदा डोळे मिटले.

"पहिला ठीक आहे," तो म्हणाला. "दुसरा जरा ऊबदार. तिसऱ्यात... कसं सांगू, तिसऱ्यात सगळं आहे, पण माया नाही."

"तिन्ही एकच होते."

त्याने डोळे उघडले.

"एकच पेटी. एकच टेक. तीनदा तोच वाजवला मी." तिचा आवाज चढला. "तुला फरक कळतच नाही. इतके दिवस मी मैत्रिणीच्या पाया पडतेय, केबल बदलतेय, घरी उशिरा जातेय, आणि तुला कळतच नाही!"

"दुसरा खरंच ऊबदार वाटला मला," तो बारीक आवाजात म्हणाला.

"ऊठ. आत जा. साधी पेटी लावतेय. उद्या परवात ही धून संपली पाहिजे."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "चौथ्या प्रकारची कुठली असते का?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट आत गेला.

मग त्याचं वाजवणं बिघडलं. धुनेच्या शेवटी एक ओळ होती, वर चढत जाणारी. तिथे येऊन तो रोज चुकायचा. बाकी सगळं सुरेख, आणि त्या ओळीत बोट घसरलंच. काचेपलीकडे तो हात जोडून माफी मागायचा आणि ती हेडफोनमधून म्हणायची, "पुन्हा." पाच वेळा, सात वेळा. शाळेतल्या मुलांना हा काय शिकवतो, देव जाणे.

तिची खरी चिडचिड वेगळीच होती, आणि ती तिला स्वतःशीसुद्धा धड बोलता येत नव्हती. महिना संपत आला होता. खोल्यांची किल्ली परत द्यायची होती. तो रोज येत होता, चहा आणत होता, तिच्या बोलण्यावर हसत होता, तिचा प्रवास, तिथली खोली, सगळं विचारत होता. एक गोष्ट सोडून सगळं. ती जाणार याचं त्याला काही वाटतं की नाही, हे तो बोलत नव्हता. वाटत नसेल तर तसं तरी वागावं माणसाने. आणि आपणहून विचारायचं, तर काय म्हणून विचारायचं?

"तारवाला अजून संपवत नाही का?" जेवताना वडिलांनी विचारलं. ते त्याला एकदाच भेटले होते, पण नाव ठेवून मोकळे झाले होते.

"नाही. रोज एकाच जागी चुकतो. आधी म्हणे पेटी बरोबर नाही. आता बोटं बरोबर नाहीत. मला वेड लागायची वेळ आलीय, बाबा."

वडिलांनी घास हातातच ठेवला.

"तुझी आई एकदा माझ्याकडून खुर्ची घेऊन गेली होती. लग्नाच्या आधी. दुसऱ्या दिवशी परत. म्हणे एक पाय तोकडा आहे. मी घासून दिली. तिसऱ्या दिवशी परत. म्हणे आता दुसरा तोकडा झालाय. मी असा वैतागलो, ठमे... शेवटी रागारागाने तिच्या घरी गेलो, म्हटलं दाखव कुठे हलते. हलत नव्हती. कधी हललीच नव्हती."

"मग?"

"मग काय. तू आहेस ना समोर." त्यांनी घास खाल्ला. "आता माझ्या खुर्च्या सरळ उभ्या राहतात. कुणी परत आणत नाही."

तिने वडिलांपुढे वाटी सरकवली. पण खुर्चीची गोष्ट वेगळी, असं तिने मनात ठरवून टाकलं. आईने निदान बाबांना स्वतःच्या घरी तरी यायला लावलं होतं. हा माणूस नुसताच चुकतोय.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस आला. तिच्या जाण्याआधीची ती शेवटची सुट्टी. चौथ्या धुनेची ती ओळ अजून बरोबर आली नव्हती, म्हणून त्याने गिटारही सोबत आणली होती. दोघांनी मिळून ॲम्प आत नेला, फळ्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत. भुशाचा आणि ताज्या लाकडाचा वास सगळीकडे भरला होता. तिने मशीन मांडलं, रीॲम्प बॉक्स जोडला, ॲम्पपुढे माइक उभा केला, आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला.

"झालं," ती म्हणाली. "आता माइकमध्ये गिटार कमी आणि पत्रा जास्त."

"थांबेल थोड्या वेळात."

"तुला काय, तुला थांबायलाच आवडतं."

बाहेरून वडिलांनी हाक मारली. फळ्या भिजत होत्या, ताडपत्री ओढायला हात हवा होता. तो पळत गेला. पाऊस थांबेपर्यंत ॲम्प तरी लावून ठेवू, म्हणून तिने चौथ्या धुनेचा कालचा टेक सुरुवातीपासून सोडला आणि ॲम्पचा आवाज वाढवत नेला. वाजवणं सुरू होण्याआधी काही वेळ शांतता होती. ॲम्प नुसता खरखरत होता. आणि त्या खरखरीतून कुणीतरी बोललं.

तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिने टेक मागे नेला, ॲम्प आणखी वाढवला, आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून ऐकू लागली.

आवाज घोगरा, जुन्या रेडिओसारखा होता, पण त्याचाच होता.

"...चिडली. बघ, बट फुंकली. छान चिडते..." मग तारा जुळवल्याचा आवाज. "आता तिथेच चूक. नीट चूक. सरळ वाजवलंस तर उद्या कुठे जाशील?"

मग धून सुरू झाली, सुरेख, आणि शेवटच्या ओळीत बरोबर ठरलेल्या जागी बोट घसरलं.

ती बसून राहिली. कसं झालं हे, तेवढं तिच्या डोक्याला लगेच समजलं. जुन्या गिटारचे पिकअप, तारांखालची आवाज पकडणारी चुंबकं. आतलं मेण वाळलं, सुटलं की ते तारांबरोबर जवळचं बोलणंही पकडतात. एरवी ऐकू येणार नाही इतकं बारीक, पण ॲम्प चढवला की ते वर येतं. आणि तारा जुळवताना हा गिटारवर इतका वाकतो की हनुवटी तारांना लागायची बाकी असते. हे सगळं समजलं. बाकीचं समजायला तिला जरा वेळ लागला. कान तापले होते.

तो आत आला तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. "तुझे बाबा भारी आहेत," तो म्हणाला. "मला म्हणाले, तारवाले, तुमच्या घरी खुर्च्या किती आहेत? मी म्हटलं दोन. तर हसायलाच लागले."

तिने टेक सोडला.

तो उभ्या जागी थिजला. शेवटपर्यंत ऐकलं. बोट घसरलं तेव्हा त्याने डोळे मिटले, पण या वेळी आवाज ऐकायला नव्हे.

"तिथे माइक नव्हता," तो म्हणाला.

"एवढंच बोलायचंय तुला?"

"नाही म्हणजे... मला वाटलं, काच आहे, माइक नाही..."

"किती दिवस मुद्दाम चुकत होतास?"

"ही धून सुरू झाल्यापासून."

"आणि पेट्या?"

"पेट्या आधीपासून."

"मैत्रिणीच्या पाया पडले मी. रोज घरी उशिरा गेले. मला वाटलं, माझ्याच कामात काही खोट आहे, म्हणून मोठ्या स्टुडिओत जायच्या आधी माझा धीर सुटत चालला होता. आणि तू तिथे आत बसून माझी बट मोजत होतास. तोंड नाही का तुला? सरळ सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार?" तोही आता खाली बसला, एका ओंडक्यावर. "थांब म्हणू? चार वर्षं तू त्यांच्या मागे होतीस. जाऊ नकोस म्हणणारा मी कोण? आणि थांब म्हणायचं नाही, तर मग बोलायचं काय, ते मला सुचेना. म्हणून म्हटलं, काम तरी संपू नये."

"मी जाणारच आहे."

"माहीत आहे. जायलाच हवंस."

"मग आता बोल. जे काय आहे ते. एकदाच बोल, सरळ, मध्ये न थांबता."

"म्हणजे बघ... असं आहे की..."

"पुन्हा."

"मला तू... तुझ्याशी बोलल्याशिवाय मला..."

"पुन्हा."

त्याने ओल्या केसांतून हात फिरवला. पत्र्यावरचा आवाज बराच कमी झाला होता.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "तू जिथे जाशील तिथे यायची माझी तयारी आहे. गिटार शिकायला पोरं कुठेही मिळतात. तुला चालणार असेल तर."

मध्ये कुठेही अडखळला नाही.

ती उठली. भुसा झटकला. रीॲम्प बॉक्सची वायर काढली, डीआय बॉक्स पिशवीत टाकला, आणि त्याची गिटार उचलून त्याच्या हातात दिली. गिटारची वायर लांब होती. तिने ती सरळ ॲम्पला जोडली.

"पाऊस थांबतोय. ती ओळ वाजव."

"पेटी?"

"पेटी नाही. आवाज नंतर ठरवायचा नाही. जो येईल तो."

"आणि... मी जे बोललो त्याचं?"

"उद्या सांगते."

"उद्या?"

"किंवा परवा. आधी दोन तीन तऱ्हेने विचार करून बघते. कदाचित पहिला जरा गोल वाटेल."

"हे बरं नाही हां," तो म्हणाला.

"चौथ्या प्रकारचं काही उत्तर असतं का तेही बघते."

"अगं, मी इथे जीव मुठीत धरून बोललो आणि तू..." तो खरोखरच चिडला होता. कान लाल झाले होते. इतक्या दिवसांत तिने त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि तिला ते फार आवडलं.

"वाजव," ती म्हणाली, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

तो रागातच वाजवू लागला. फळ्या थरथरल्या, खिळ्यांचे डबे वाजले. तो ओळीपाशी आला, चढत गेला आणि वर पोचला. बोट कुठे घसरलं नाही. शेवटचा स्वर त्याने लांब धरून ठेवला, तिच्याकडे न बघता.

स्वर विरत आला तेव्हा ती त्याच्याजवळ गेली, गिटारवर वाकली, इतकी की तिची बट तारांना लागली, आणि अगदी हळू म्हणाली, "हो."

पलीकडच्या कोपऱ्यातून ॲम्प घोगऱ्या आवाजात केवढ्याने तरी ओरडला, "हो."

दारात वडील ताडपत्री हातात धरून उभे होते. "कोण ओरडलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा," ती म्हणाली. तिचा हात त्याच्या हातात होता आणि मशीन अजून चालूच होतं. "टेक ओके आहे."